लटारूभाऊचा अंगठा आणि हवेचा काटा

सावली गाव सोडून मूलच्या रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला मोहाच्या झाडाखाली जुन्या टायरांची एक उतरंड दिसते. चुना फासलेली. पाटी नाही, बाण नाही, काही नाही. गरजच काय? ज्याची हवा गेली तो आपसूक तिथं येतो, आणि ज्याची गेली नाही तोही घटकाभर टेकतो. कारण तिथं लटारूभाऊ बसतो, आणि लटारूभाऊ म्हणजे गप्पांचा भुकेला माणूस. हातानं पंक्चर काढतो, तोंडानं साऱ्या तालुक्याची खबर काढतो. दोन्हींत कुठं भोक राहू देत नाही.

बांधा ठेंगणा, अंगात बनियन, डोक्याला दुपट्टा, आणि पोट असं की चाकापुढं उकिडवा बसला की आधी पोट टेकतं, मग माणूस. बायको अंजनाबाई त्या पोटावरून रोज टोमणे मारते आणि रोज चहात दोन चमचे साखर घालते, आता बोला! दवाखान्यातल्या बाईंनी शुगर आहे म्हणून सांगितलं, त्याला तीन पावसाळे झाले. गोळ्या आहेत की. गोळ्या डब्यात आहेत, डबा फळीवर आहे, आणि फळीपर्यंत लटारूभाऊचा हात पोचत नाही.

पण सांगायचं आहे ते त्याच्या उजव्या अंगठ्याबद्दल. जन्मभर त्यानं हवा मोजली ती या अंगठ्यानं. टायर दाबायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची. पॉइंटाचे, म्हणजे हवेच्या दाबाचे आकडे त्याला ठाऊक होते, पण ते गिऱ्हाइकापुरते. त्याची आपली मापं निराळी, रानातल्या फळाफुलांची. हवा उतरली असली की ‘मोहफुलावर आली’, बेताची असली की ‘टेंभरावर हाये’, आणि टणक भरली की ‘बेल झाला, बेल!’ धानाच्या बैलबंडीला टेंभरू चालतं, मोटरसायकलच्या मागच्या चाकाला बेलाच्या जरा अलीकडं थांबायचं, असा सगळा हिशेब. वरातीची गाडी निघायची तर नवरदेवाआधी लटारूभाऊला बोलावणं जायचं. तो चारी चाकं दाबायचा आणि म्हणायचा, “बसवा आता नवरदेवाले. तो फुगला तरी टायर फुटत नाई.” वऱ्हाडी हसायचे आणि निर्धास्त गाडीत बसायचे.

आणि हा अंगठा गेल्या दिवाळीपासून मुका झाला होता.

हे कुणाला माहीत नव्हतं. पहिल्यांदा तर त्याचं त्यालाच पटेना. टायर दाबलं की मधे गोधडीची घडी ठेवल्यासारखं वाटायचं. थंडीमुळं असेल, म्हणाला. थंडी गेली. सोल्युशन लागून लागून कातडं जाड झालं असेल, म्हणाला. दगडानं घासून पाहिलं, खोबरेल चोळून पाहिलं. गोधडी काही हलेना. एकदा त्यानं चुलीवरचं चहाचं गंज उघड्या हातानं खाली उतरवलं, तेव्हा अंजनाबाई केवढ्यानं ओरडली, “आवो, चटका नाई लागत का तुमाले?”

“मर्दाचा हात हाये तो!” असं म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्याला घास गेला नाही. तालुक्यात त्याचं जे काही नाव होतं ते या अंगठ्याचं. कॉम्प्रेसर काय, कुणीही विकत आणून ठेवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यानं तोंड मिटून घेतलं आणि नुसत्या अंदाजानं हवा भरत राहिला. टायर हाताला मऊ लागायचं, म्हणून थोडी जास्तच भरायचा.

चंदा ही त्याची एकुलती लेक. गावातच दिलेली. नवरा धानाची शेती बघतो आणि चंदा मॅजिक गाडी चालवते. बाई गाडी चालवते म्हणून पहिलं वर्षभर लोकांनी माना वळवून वळवून बघितलं. मग माना दुखायला लागल्या तसं बघणं सोडलं. बाजाराच्या दिवशी ती आसपासच्या गावांतली माणसं नेते-आणते, आणि माघ सरत आला की मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बायांना पोचवते. मूल, चंद्रपूर, राजुरा आणि मग सीमेपलीकडं. लांबचा पल्ला, वर ऊन, गाडीत आठ बाया, त्यांची बोचकी, टपावर तांदळाची पोती. अशा गाडीची हवा आजवर बापाशिवाय कुणी भरलेली नव्हती. रस्त्यात दहा पंप लागोत, चंदा दुसरीकडं चाक दाखवायची नाही. याचा लटारूभाऊला जो तोरा होता, तो विचारूच नका.

यंदा निघायच्या आठवडाभर आधी चंदा दुकानावर आली आणि टायराकडं बघत उभी राहिली.

“बाबा, टायर मधातूनच घासून राह्यलं. काठ तर तसेच्या तसे हायेत. हवा जास्त तर नाई होऊन राह्यली?”

“जास्त? माह्या हातानं?”

“मी तसं म्हणून नाई राह्यली. एखादा काटा आणा ना हवा मोजाचा. आता सारेच ठेवतात.”

“हातच्या काकणाले आरसा कायले पाह्यजे वो?”

चंदा गप्प बसली. एरवी दोनाला चार शब्द ऐकवणारी पोरगी ती, तिचं गप्प बसणं त्याला फार लागलं. ती गेल्यावर त्यानं ते टायर पुन्हा दाबलं. एकदा अंगठ्यानं, एकदा तळहातानं. काही समजलं नाही. वाटेवरचं गिऱ्हाईक नाही हे, आपली पोर आहे, आणि तिच्यामागं आठ बायांचा जीव आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट भिववून गेलं.

म्हणून तो मुकाट्यानं काटा घ्यायला निघाला. चंद्रपूरला बसस्टँडच्या मागं प्रफुलचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सोल्युशन, पॅच, वॉल्व्ह, सगळं लटारूभाऊ तिथूनच आणतो. प्रफुलनं त्याला एक चांगला दणकट काटा दिला. घड्याळासारखी गोल तबकडी, पितळी तोंड, वरून रबराचं कव्हर, कारण काटा हातातून पडला की बिघडतो. घरी येऊन त्यानं तो सायकलला लावला, मोटरसायकलला लावला, बंडीला लावला. प्रत्येक वेळी काटा म्हणे बेल, आणि अंगठा म्हणे टेंभरू.

आता या मुलखात अशा वेळी कुणीही काय करतं? धान घ्यायला व्यापारी आला की त्याचा काटा आधी घरच्या पायलीशी पडताळून बघतात. पायली बापजाद्यांची, काटा परका. दोघांचं जमलं नाही तर खोटा काटाच. लटारूभाऊनं तेच केलं, अगदी रीतीला धरून. तबकडी खोटी ठरवली, कागदात गुंडाळून ठेवली आणि बाजाराच्या दिवशी ताडपत्रीवर पाने-पक्कड मांडून बसलेल्या माणसाकडं गेला. त्याच्या ढिगात पेनासारखे काटे होते, दांडी बाहेर येणारे. लटारूभाऊनं सायकल आडवी घातली आणि एकेक काटा लावून बघितला. आधी अंगठा, मग काटा. अंगठा, काटा. ज्यानं अंगठ्याच्या हो ला हो म्हटलं तो त्यानं उचलला. अहो, हा काटा निवडणं झालं का तोंडपुजा जावई निवडणं? पण त्याला मात्र इतकं हायसं वाटलं, की परतीच्या वाटेवर त्यानं अंजनाबाईसाठी गरम भजी घेतली आणि अर्धी स्वतःच संपवली. अंगठा अजून खरा आहे. काट्यानंच सांगितलं!

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं चंदाच्या गाडीची हवा भरली. दांडी बाहेर आली, त्यानं आकडा वाचून दाखवला. चंदानं मान डोलावली.

“बरं झालं बाबा काटा घेतला. आता माह्या जिवाले घोर नाई.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तो चंद्रपूरला गेला, ती खोटी तबकडी परत करायला. साक्षीला पेनवाला काटा खिशात होता. चंदा त्याच्या मागून निघणार होती. आधी जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, सोमारीबाई आणि मिरचीला जाणाऱ्या तिच्या सोबतिणी घ्यायच्या, मग चंद्रपूरमार्गे पुढं.

दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या लटारूभाऊनं तोंड सोडलं. “प्रफुलभाऊ, इतक्या वर्षांचा गिऱ्हाईक मी, अन् मलेच फसवता? तुमचा काटा खोटं बोलून राह्यला!”

प्रफुल बिचारा उपाशीपोटी होता, नाश्त्याचा पुडा समोर तसाच. तरी तो चिडला नाही. “खोटं कसं बोलन काका? दाखवा बरं.”

दुकानासमोर प्रफुलचीच मोटरसायकल उभी होती. त्यानं तबकडी लावली आणि आकडा दाखवला. काढली, पुन्हा लावली, तोच आकडा. तिसऱ्यांदा लावली, तोच. मग फळीवरचा दुसरा काटा आणून लावला, त्यानंही तेच सांगितलं. मग लटारूभाऊचा पेनवाला काटा घेतला. पहिल्यांदा एक आकडा, दुसऱ्यांदा निराळा, तिसऱ्यांदा दांडी अर्ध्यातच अडकली. आणि तिन्ही आकडे खऱ्यापेक्षा खाली.

“काका, खरा माणूस तीनदा इचारलं तरी एकच गोष्ट सांगते. काट्याचंही तसंच हाये. पहिले पाहाचं, लावाच्या आधी काटा शून्यावर बसते का. मग तीनदा लावून पाहाचं. अन् हवा मोजाची सकाळी, टायर थंडं असतानी. चालून आल्यावर गरम टायरात हवा चढलेली दिसते. तुमचा हा पेन कुठून घेतला?”

लटारूभाऊ मोटरसायकलपाशी बसला, डोळे मिटले आणि अंगठ्यानं टायर दाबलं. टेंभरू. पुन्हा दाबलं. टेंभरूच. डोळे उघडून तबकडी बघितली. प्रफुलनं मागून विचारलं, “चहा सांगू का काका?” आणि त्याच क्षणी लटारूभाऊ ताडकन उठला. चारी चाकं आपण याच अंगठ्यानं आणि याच पेनानं भरली आहेत! चंदाची गाडी या वेळी मूलच्या पुढं आली असणार, आणि ऊन चढत चाललं आहे.

त्यानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना चंदा फोन उचलत नाही, आणि ही शिस्त तिला लावली कुणी? यानंच. त्यानं स्वतःला एक सणसणीत शिवी घातली, तबकडी उचलली आणि ऑटोवाल्याला हाक मारली. “बल्लारपूरच्या रस्त्यावर सोड बावा, लवकर!” चहा सांगणारा प्रफुल बघतच राहिला.

शहर संपतं तिथं, बल्लारपूरच्या रस्त्याच्या कडेला तो उभा राहिला. कोळशाचे ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते. प्रत्येक पांढऱ्या गाडीला त्याचा जीव वर-खाली व्हायचा. गाडी पुढं निघून गेली असली तर? एखादं टायर बसलं असलं तर? ज्या देवांची नावं त्याला आठवली ती सगळी त्यानं घेतली, आणि नावं संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

मग ती दिसली. टपावर पोती, खिडकीतून बाहेर आलेले लुगड्यांचे पदर, आणि स्टेअरिंगवर चंदा, मजेत. लटारूभाऊ दुपट्टा हलवत पळत सुटला. कडेला कुणीतरी पाडलेल्या टपरीच्या फळ्या, विटा, पत्रे टाकलेले होते. त्यातूनच धावला. आयुष्यात इतका तो कधी पळाला नव्हता. चंदानं करकचून ब्रेक लावला.

“बाबा! तुमी इथी?”

मागून बाया खिदळल्या. “काऊन लटारूभाऊ, येता का मिरच्या तोडाले? अंजनाबाईनं हाकललं वाटते घरातून!”

लटारूभाऊला दम लागला होता. त्यानं बोटानंच चाकं दाखवली आणि तबकडी लावली. आकडा बेलाच्याही पार पलीकडं गेला होता. एकेका चाकाचं टोपण काढून त्यानं हवा सोडायला सुरुवात केली. फस्सऽऽ. लाव, बघ, पुन्हा सोड. टायर गरम आहेत म्हणून थोडी वरच ठेवली. चारी चाकं झाली. बाया उतरून झाडाच्या सावलीत बसल्या होत्या, पान-तंबाखू चालू होतं. चंदा मात्र बापाशेजारी उभी होती.

“एवढी हवा कशी निघाली बाबा? काल तर तुमीच भरली.”

आता बघा, उत्तर अगदी तयार होतं. उन्हानं हवा चढली म्हणायचं. खोटंही नाही. प्रफुलनं आत्ताच सांगितलेलं. चंदानं ऐकलं असतं, बायांनी वाहवा केली असती, पोरीसाठी बाप चंद्रपूरपर्यंत धावला म्हणून गावभर नाव झालं असतं, आणि अंगठा मुठीत झाकलेलाच राहिला असता. लटारूभाऊनं तोंडही उघडलं. “ऊन...” एवढं म्हणाला आणि त्याला पुढं बोलवेना. परत येताना ही पोर पुन्हा आपल्याच दुकानात येणार. पुन्हा ‘जिवाले घोर नाई’ म्हणणार.

“उन्हानं नाई वो चंदा,” तो म्हणाला. “मले समजतच नाई. अंगठा मेला माहा. दिवाळीपासून काईच समजत नाई त्याले. मी अंदाजानंच भरून राह्यलो.”

चंदानं त्याचा हात हातात घेतला आणि अंगठ्यात नख रोवलं.

“समजते?”

“नाई.”

तिनं अजून जोरात रोवलं. तिचेच डोळे भरून आले. “बाबा, आठ बाया हायेत गाडीत. तुमी काल सांगतलं असतं तर...”

“काल सांगाची हिंमत नाई झाली.”

तिनं बापाला मारलं असतं का मिठी मारली असती, देव जाणे. तेवढ्यात सोमारीबाई उठून जवळ आली. दरवर्षी मिरचीला जाणारी ती पिकल्या केसांची बाई, सगळ्यांत वडील. ती लटारूभाऊच्या तोंडाकडं बघत नव्हती. खाली बघत होती.

“भाऊ, पाय उचला बरं.”

“कायले?”

“उचला म्हणते ना मी.”

त्यानं डावा पाय उचलला तर चप्पलही पायाला चिकटून वर आली. टपरीच्या फळीचा खिळा चप्पल फोडून थेट तळव्यात घुसला होता. चारी चाकांभोवती त्याच्या पावलाचे लाल ठसे उमटले होते, आणि तो त्या पायावर इतका वेळ बसत होता, उठत होता, चालत होता.

“अगं माय!” चंदा खाली मातीतच बसली. सोमारीबाईनं पाय घट्ट धरला, चंदानं खिळा ओढला. रक्ताची धार लागली. सोमारीबाईनं आपल्या पदराची चिंधी फाडून पाय करकचून बांधला. चंदानं रडत रडत बापाला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. शुगर, गोळ्या, फळी, चहा, आई, आणि पुन्हा शुगर, कारण अंगठा आणि पाय मुके केले ते तिनंच. लटारूभाऊ त्या खिळ्याकडं बघत होता. बोटभर लांब.

“पहिले दवाखाना,” सोमारीबाई म्हणाली. “मिरच्या कुठी पळून नाई चालल्या.”

“तुमाले टायम होईन ना बाई, मी ऑटोनं...”

“गपा भाऊ.”

आठही बाया गाडीत चढल्या. दोघींनी सरकून पुढची जागा रिकामी केली आणि लटारूभाऊला चंदाच्या शेजारी बसवलं. लेकीच्या गाडीची हवा त्यानं इतकी वर्षं भरली, पण शेजारी बसायचा योग आजवर आला नव्हता. चंदानं गाडी शहराकडं वळवली. चाकं मऊ, सरळ चालत होती.

“दुखते का बाबा?” चंदानं समोर बघतच विचारलं.

लटारूभाऊनं पाय जरा दाबून बघितला. चिंधी लाल झाली होती. एवढा मोठा खिळा गेलेला पाय, आणि त्याला काहीच, अगदी काहीच कळत नव्हतं. दुखलं असतं तर तो आनंदानं ओरडला असता.

“नाई,” तो म्हणाला, आणि दुपट्टा तोंडाला लावून लहान पोरासारखा रडायला लागला.

चंदानं एक हात काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. “रडा,” ती म्हणाली. “पण डॉक्टरीनबाई इचारन तवा असंच खरं सांगा.”